सायबासाठी पेलाभर पाणी

नातीची सातवीची पुस्तकं परवा घरी आली. कव्हर घालायला तिनं ती माझ्यापुढे मांडली आणि म्हणाली, "आजी, तुला तर आवडेल हे काम, तू शिक्षिका होतीस ना." मी विज्ञानाचं पुस्तक उचललं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत गेले आणि पाण्याच्या धड्यापाशी पोचताच माझ्या तोंडात कडू पाणी आलं. पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "याला तूच घाल कव्हर." ती फुरंगटून निघून गेली. तिला काय सांगणार? माणसाचं वय वाढलं की राग निवतो, दुःखही निवतं म्हणतात. किळस निवत नाही. ती नासक्या दुधासारखी असते, झाकून ठेवली तर जास्तच वास मारते. म्हणून आज झाकण काढते.

आमचं गाव भोकरदनच्या बाजूला. सातवीपर्यंत शाळा गावातच होती आणि तेव्हा सातवीची परीक्षा म्हणजे मोठी गोष्ट समजली जायची. दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाऊन पेपर लिहायचे, निकाल बाहेरून यायचा. त्यामुळे सातवीचा वर्ग शाळेचा लाडका होता आणि शाळेचा गडीही आम्हीच होतो. सकाळी लोखंडी पट्टीवर घण पडला की पत्र्यावरची कबुतरं फडफडून उडायची, त्यांची पिसं आमच्या दप्तरावर पडायची आणि पाढ्यांचा एकसुरी गलका सुरू व्हायचा. मराठीत 'माझी शाळा' हा निबंध गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता. 'आमच्या शाळेसमोर सुंदर फुलबाग आहे' हे वाक्य आम्ही चाळीस पोरांनी चाळीस वह्यांत उतरवलं. शाळेसमोर उकिरडा होता. कुणालाच हसू आलं नाही. गणितात दुधात पाणी मिसळणारा गवळी होता. दुधाचं आणि पाण्याचं गुणोत्तर आम्ही बिनचूक काढायचो, त्यानं पाणी का घातलं हे कुणी विचारायचं नाही. भूगोलात पूर्णा आणि केळना या आमच्या नद्या निळ्या पेन्सिलीनं रंगवायच्या. इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनाच इंग्रजीची भीती वाटायची, म्हणून त्या तासाला मैदानातले खडे वेचायचे. नागरिकशास्त्रातली कर्तव्यं आम्हाला कवितेसारखी पाठ होती. आणि कार्यानुभव नावाचा एक विषय होता. त्यात वर्ग झाडणं, मोठ्या गुरुजींच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या घरची ज्वारी निवडणं आणि ऑफिसातला माठ भरणं एवढं यायचं.

माठाचं काम माझ्याकडे आणि रुखमीकडे होतं. रुखमी माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील मेंढ्या राखायचे. पावसाळा सरला की घरचे सगळे कळप घेऊन पार गोदाकाठाकडे उतरायचे आणि रुखमी मात्र शाळेसाठी गावात चुलतीकडे राहायची. त्यांच्या सगळ्या भावकीत सातवीपर्यंत आलेली ती पहिली मुलगी. अभ्यासात ती बेताची होती, पण हातापायानं काटक आणि बोलायला फटकळ. माझं उलट. मी पाठांतरात पुढे, अक्षर मोत्यासारखं, आणि मोठ्या माणसासमोर मान खाली. मोठे गुरुजी मला 'आपली हुशार पोरगी' म्हणायचे. ते म्हणाले की मला आतून कसं ऊबदार वाटायचं, तेही खोटं कशाला सांगू?

घरी माय पाण्याच्या बाबतीत फार कडक होती. तिला वाचता येत नव्हतं. पण घागर रोज राखेनं आणि चिंचेनं घासल्याशिवाय तिच्या विहिरीच्या खेपा सुरू व्हायच्या नाहीत. घागरीच्या तोंडाला धुवट धोतराचा दुहेरी तुकडा बांधलेला असायचा. पाणी गाळताना होणारा तो बारीक सळसळ आवाज माझ्या बालपणाचा आवाज आहे. भाकरीचं पीठ मळायचं पाणी वेगळं, प्यायचं वेगळं. कुणी न धुतलेला हात रांजणात घातला तर ती सगळा रांजण उपसून परसातल्या वांग्यांना घालायची आणि पुन्हा विहिरीवर जायची. आम्ही बहिणी जेवायला बसायचो तेव्हा ताटात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा आणि शेजारी भरलेला तांब्या असायचा. "आधी तांब्याच्या बुडाशी पहाय, मंग पी," असं ती माझ्या धाकट्या बहिणीला, शांतीला रोज सांगायची. शांती तेव्हा दुसरीत होती.

शाळेत सिमेंटची टाकी होती, कमरेच्या उंचीच्या चबुतऱ्यावर, बाहेर एक तोटी. पोरं ओंजळ लावून प्यायची. आम्ही मोठ्या मुली मात्र शाळेत पाणीच पीत नसू. मुलींना जायला जागा नव्हती, म्हणून शाळा सुटेपर्यंत घसा कोरडा ठेवायची सवय आम्ही लावून घेतली होती. विज्ञानात उत्सर्जन संस्थेचा धडा होता, तो सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला. फार तहान लागली तर माठासाठी पाटलाच्या विहिरीवर जायचो तेव्हा मी आणि रुखमी तिथेच पिऊन घ्यायचो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. टाकीचं पाणी मी पीत नव्हते. पुढे मी जे केलं ते मला जमलं, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली तेव्हा तोटीच्या पाण्याला वास येत होता. पहिली-दुसरीची लेकरं नाक दाबून प्यायची आणि त्याचाही खेळ करायची. एके दिवशी मधल्या सुटीत रुखमी म्हणाली, "चल, पाहू तरी काय हाय आत." ती ओणवी झाली, मी तिच्या पाठीवर पाय देऊन वर चढले. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात फुटलेलं होतं. मी आत वाकले. आधी फक्त वास आला. त्या वासाला अंग होतं, तो तोंडावर येऊन बसला. मग डोळ्यांना अंधार सरावला आणि दिसलं. मांजर होतं. फुगून ढोलकीसारखं झालेलं, केस गळून पाण्यावर पसरलेले, आणि त्याच्याभोवती कबुतरांची पिसं हळूहळू फिरत होती. मी खाली उडी मारली आणि भिंतीशी जाऊन ओकले.

आम्ही विज्ञानाच्या सरांकडे धावलो. तरुण होते, नवीन लागले होते, बदनापूरकडचे. योगायोग असा की फळ्यावर पाण्याच्या शुद्धीकरणाची आकृती त्यांनीच काढून ठेवली होती, खडूनं वाळूचा थर, गोट्यांचा थर, सगळं बराबर. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते आम्हाला घेऊन मोठ्या गुरुजींकडे गेले. मोठे गुरुजी पानाची पिंक टाकून आले आणि शांतपणे म्हणाले, "परवा तपासणी आहे. टाकी आज उपसली तर परवा तोटीला पाणी कुठून आणता? टँकर येणार सोमवारी." सर म्हणाले, "पण गुरुजी, लेकरं..." "लेकरायला काय होतं? गावातली लेकरं नालीतलं पाणी पिऊन वाढली. शिपायाला सांगतो, काढील तो बांबूनं. वरून तुरटी फिरवली की झालं. तुमच्याच धड्यात आहे ना तुरटी?" मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू गं, हुशार पोरगी. बाहेर बोलायचं नाही. शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे." मी मान हलवली. रुखमीनं हलवली नाही. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

संध्याकाळी शिपायानं मांजर काढलं. ते सगळं एकदम निघालं नाही. जे निघालं ते त्यानं उकिरड्यावर टाकलं. पाणी तसंच राहिलं.

पुढचा दीड दिवस तालीम चालली. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. पाण्याच्या धड्यावरचा प्रश्न मला दिलेला होता, उत्तर मला तोंडपाठ होतं. ही डाव्या-उजव्या हाताची युक्ती कुणा एकाची नव्हे. मी स्वतः पुढे तीस वर्षं शिकवलं आणि एकदा, नवीन असताना, तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्याच वर्गाला ती शिकवली. चाळीस चिमुकले हात वर गेले आणि मला रुखमी आठवली. त्या दिवशी मी शाळेच्या मागे जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले होते. पुन्हा नाही शिकवली. पण एकदा शिकवली, हे खरं.

तपासणीला जीपमधून साहेब आले. गोरेपान, घामाघूम झालेले, वागायला गृहस्थ. रांगोळ्या झाल्या, लेझीम झालं. आमच्या वर्गात त्यांना खुर्ची दिली ती खिडकीला पाठ करून. त्या खिडकीतून टाकी दिसायची. सरांनी धडा घेतला आणि प्रश्न विचारला. चाळीस हात वर गेले. मी उठले आणि गाळणे, निवळणे, उकळणे, तुरटी, जंतुनाशक पावडर असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. "शुद्ध पाणी रंगहीन, गंधहीन व चवहीन असते." साहेब खूश झाले. म्हणाले, "वा! मग मला सांग बाळ, तुमच्या शाळेत पाणी कुठलं पिता?"

हे तालमीत नव्हतं. मी मोठ्या गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून उघडले. मी म्हणाले, "टाकीचं, साहेब. टाकी आम्ही दर शनिवारी धुतो."

"न्हाई धुत." माझ्या शेजारून आवाज आला. रुखमी उभी होती. "टाकीत मांजर मेल्तं, सायेब. सडून गेल्तं. हिनंच पाह्यलं. पाणी तसंच हाय."

मोठे गुरुजी हसले. "साहेब, ही मेंढपाळाची पोर. अभ्यासात कच्ची, तिला असलं काहीबाही बोलायची खोड आहे." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, "तू सांग बेटा. तू पाहिलंस काय?"

मी बारा-तेरा वर्षांची होते, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलंय. मारच बसला असता, दुसरं काय झालं असतं? पण खरं सांगायचं तर मला माराची भीती वाटली नव्हती. मला ते 'हुशार पोरगी' गमवायचं नव्हतं. मी म्हणाले, "न्हाई साहेब. खोटं बोलती ती."

साहेब भले माणूस असावेत. ते मला म्हणाले, "ठीक आहे, भांडायचं कशाला? मला तहान लागलीच आहे. जा, टाकीचं एक पेला पाणी आण." मोठे गुरुजी उठायला लागले, साहेबांनी त्यांना हातानं बसवलं. "तिला जाऊ द्या."

ऑफिसातून मी पितळी पेला घेतला. टाकी उजवीकडे होती. माठ तिथेच, ऑफिसच्या कोपऱ्यात होता. तो सकाळी आम्ही दोघींनीच भरला होता. रुखमीनं घागर ओतली होती आणि मी फडकं धरलं होतं. मी पेला माठात बुडवला. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी स्वतःची. सात वर्षं शाळेत शिकून मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं काही केलं असेल तर ते हे.

साहेबांनी पेला उजेडात धरला, वास घेतला, दोन घोट प्याले, मग सगळा रिकामा केला. "गोड आहे की पाणी!" ते रुखमीकडे बघून म्हणाले, "बेटा, असं खोटं बोलू नये. शाळा आपली आई असते." साहेबांची खिडकीला पाठ होती. पण समोर बसलेल्या चाळीस पोरांना टाकी दिसत होती आणि मी टाकीकडे गेलेच नाही हे त्या चाळीसांनी पाहिलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. रुखमीनंही नाही. ती फक्त माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता. अन्नात आळी निघाल्यावर माणूस जसं बघतो, तसं ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी रुखमीच्या चुलतीला शाळेत बोलावलं. पोरगी खोटारडी आहे, शाळेची बदनामी करते, असं तिच्यासमोर सांगितलं. आठवड्यात तिचे वडील आले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ते कुणाशी भांडले नाहीत. शाळेच्या ओट्याखाली उभे राहून त्यांनी रुखमीला हाक मारली, ती दप्तर घेऊन बाहेर पडली आणि दोघं गोदाकाठाच्या वाटेला लागली. मी गणित सोडवत होते. मान वर केली नाही.

महिनाभरानं शांतीचे डोळे पिवळे झाले. मग शेजारच्या घरातल्या पोराचे. मग गल्लीगल्लीतून एकेक. मायनं शांतीला ताक आणि उसाचा रस पाजला, दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भोकरदनहून डॉक्टरची औषधं आणली. शांती वाचली. वरच्या आळीतलं पहिलीतलं एक पोर वाचलं नाही. ते त्या पाण्यानंच गेलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यानं गेलं नाही, असंही मला आजवर म्हणता आलेलं नाही.

ते पोर गेलं त्या दिवशी दुपारी माय शांतीच्या उशाशी बसली होती. म्हणाली, "घरचं पाणी तर म्या गाळून देऊन राह्यले. मंग हिला झालं कशानं? शाळंतलं पाणी चांगलं हाय ना गं?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं सांगून बसले. मांजर, तपासणी, माठ, पेला, सगळं. मला वाटलं ती मारेल. तिनं हात उचललाही नाही. म्हणाली, "सायबाला चांगलं पाजलं, आन् लेकरायला ते?" मग उठून दाराबाहेर गेली आणि थुंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीतल्या आठ-दहा बायका घेऊन शाळेत गेली. घमेली, खराटे, चुन्याची पाटी. तोटी उघडली, पदर खोचले, माय स्वतः टाकीत उतरली. तळाचा काळा गाळ घमेल्यानं वर येऊ लागला. त्यात पिसं होती, चिंध्या होत्या, बारीक हाडं होती. मैदानात ढीग झाला. मोठे गुरुजी नाकाला रुमाल लावून ओट्यावर उभे होते. "बाई, परवानगी न घेता सरकारी टाकीत असं उतरता येत नाही," ते म्हणाले. मायनं आतून डोकं वर काढलं. हात कोपरापर्यंत काळे. "या की गुरुजी, हात लावा. तुमच्या पुस्तकात हाय म्हनं सगळं." बायका हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. विज्ञानाचे सर दारात आले, त्यांनी तो ढीग पाहिला, आणि परत वर्गात जाऊन फळ्यावर पुढचा धडा लिहायला लागले.

कारवाई वगैरे काही झाली नाही. तपासणीचा शेरा उत्तम आला. मोठ्या गुरुजींची पुढच्या वर्षी मोठ्या शाळेवर बदली झाली, हारतुरे घालून आम्ही त्यांना निरोप दिला. सातवीच्या परीक्षेत मी केंद्रात पहिली आले. विज्ञानात सगळ्यांत जास्त गुण. पाण्याच्या शुद्धीकरणावर प्रश्न आला होता, मी उत्तर आकृतीसकट लिहिलं. दादांनी ते प्रमाणपत्र काचेत बसवून आणलं. माय ते कधी पुसायची नाही. घरातलं सगळं घासूनपुसून लख्ख ठेवणारी बाई, त्या काचेवर मात्र धूळ बसू द्यायची.

रुखमी मला पुन्हा भेटली तेव्हा मी नोकरीला लागून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. शहागडच्या फाट्यावर संभाजीनगरच्या बसची वाट बघत उभी होते. ट्रकांची रांग, उन्हाचा कडाका. एक बाई कपाळाला हात लावून माझ्याकडे टक लावून बघत होती. मीही ओळखलं. तिच्या सोबत तिची मुलगी होती, कॉलेजची. विचारपूस झाली. मेंढ्या आता राहिल्या नव्हत्या, थोडी जमीन होती, बरं चाललं होतं. पोरीला जालन्याला नर्सिंगला घातलं होतं. शाळेचं नाव तिनं काढलं नाही. मीच काढलं. म्हणाले, "रुखमे, मी त्या दिवशी..." तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही. "जाऊ दे. लहान होतो आपण." पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

मी उठले. "थांब, चहा आणते तिघींना."

"न्हाई," ती पटकन म्हणाली. इतकी पटकन की तिची पोरगीही चमकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू बस. मी आणते."

ती स्वतः हॉटेलाच्या ओट्यापर्यंत गेली, चहावाल्याच्या समोर उभी राहिली, पातेल्यातून पेल्यात चहा पडेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. मग तीन पेले हातात धरून सावकाश परत आली. एक पोरीला दिला, एक मला. चहावर साय धरली होती, मला ती गिळवत नव्हती. तरी मी पेला शेवटपर्यंत संपवला. टाकून द्यायला मला तोंड नव्हतं.